सुखशय्येचा शिल्पकार : जॉर्ज पुलमन

प्रवास हे एके काळी संकट होते. काशीयात्रेला निघालेला माणूस घरच्यांचा निरोप घेई तो परत भेट होईलच अशी खात्री न बाळगता. आज मात्र प्रवास हीच सुट्टी झाली आहे. राजस्थानात १९८२ साली सुरू झालेली ‘पॅलेस ऑन व्हील्स’ किंवा आपल्या महाराष्ट्रात २००४ साली सुरू झालेली ‘डेक्कन ओडिसी’ यांतून जाणाऱ्या पाहुण्याला कुठे पोहोचायची घाई नसते. गाडीत राहायचे, तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे आणि खिडकीतून मुलूख पाहायचा, यासाठीच तो पैसे मोजतो. चाकांवरच्या राजवाड्याच्या या कल्पनेचा मोठा व्यवसाय ज्याने उभा केला तो माणूस अमेरिकन होता. त्याचे नाव जॉर्ज मॉर्टिमर पुलमन. त्याचे चरित्र जितके स्फूर्तिदायक, तितकेच अंतर्मुख करणारे आहे.

पुलमनचा जन्म ३ मार्च १८३१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉक्टन येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो एका दुकानात कामाला लागला. वडील सुतारकाम करीत. पण त्यांचा खरा हातखंडा होता तो उभ्या इमारती जागच्या हलवण्यात. ईरी कालव्याचे रुंदीकरण निघाले तेव्हा काठावरच्या इमारती मागे सरकवण्याचे काम त्यांनी केले. १८५३ साली वडील वारले आणि बावीस वर्षांच्या जॉर्जने तो धंदा व कुटुंबाचा भार असे दोन्ही अंगावर घेतले.

या विद्येला खरा वाव मिळाला शिकागोत. हे शहर सखल, दलदलीच्या जागी वसलेले. सांडपाणी वाहून जाईना, रोगराई हटेना. म्हणून रस्त्यांची पातळी वाढवून खाली गटारे घालण्याचे ठरले. मग रस्ते वर आणि घरे खाली असा पेच पडला. पायाखाली स्क्रू जॅक बसवून, ते सर्व एकाच वेळी थोडेथोडे फिरवून अख्ख्या विटांच्या इमारती उचलण्यात आल्या. ट्रेमाँट हाउस हे सहामजली हॉटेल १८६१ साली असे उचलले गेले, तेव्हा आतले पाहुणे आपापल्या खोल्यांतच मुक्कामाला होते. या कामात पुलमनचा वाटा होता. आतल्या माणसाला धक्का न लागू देता अवजड वस्तू हलवायची, हे तंत्र त्याने इथे पचवले. पुढच्या आयुष्यात त्याने आगगाडीत जे केले ते वेगळे काय होते?

त्या काळी अमेरिकेत शयनयाने होती, परंतु ती नावापुरतीच. अरुंद फळ्या, कळकट अंथरुणे, कोंदट हवा आणि मेणबत्तीचा उजेड. अशाच एका डब्यात पुलमनने रात्र तळमळत काढली आणि तिथेच त्याला आपल्या कार्याची दिशा सापडली, असे सांगतात. १८५९ साली त्याने एका रेल्वे कंपनीचे दोन जुने डबे घेऊन त्यांचे शयनयानांत रूपांतर केले. मधली काही वर्षे तो कोलोरॅडोतील सोन्याच्या खाणींच्या मुलखात व्यापार करून भांडवल गाठीला बांधून आला. नंतर त्याने ‘पायोनियर’ हा डबा बांधला. तो १८६५ साली पुरा झाला. खर्च सुमारे २०,००० डॉलर, म्हणजे साध्या शयनयानाच्या कितीतरी पट. दिवसा समोरासमोरची आसने, रात्री तीच सरकवून खालची शय्या. वरची शय्या छताजवळ बिजागरीवर मिटवून ठेवलेली. अक्रोडाचे लाकूड, गालिचे, स्वच्छ चादरी. डबा इतका उंच आणि रुंद की त्याच्यासाठी काही ठिकाणी पूल व फलाट बदलावे लागणार होते. लोक हसले. पण पुलमनचा हिशेब साधा होता. रेल्वेने फक्त डबा ओढायचा. डबा आपला, नोकर आपले, आणि सुखाची निराळी किंमत प्रवासी आपल्याला देईल. तो हिशेब खरा ठरला.

१८६७ साली त्याने ‘पुलमन्स पॅलेस कार कंपनी’ स्थापन केली. त्याच वर्षी स्वयंपाकघर असलेला डबा आला आणि १८६८ साली ‘डेलमॉनिको’ हा केवळ भोजनासाठी बांधलेला डबा. १८६९ साली अमेरिकेचे दोन्ही किनारे लोहमार्गाने जोडले गेले. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांची एक मंडळी पुलमनच्या खास गाडीने सान फ्रान्सिस्कोपर्यंत सहल करून आली. त्या गाडीत ग्रंथालय होते, वाद्ये होती, एवढेच नव्हे तर छापखानाही होता आणि प्रवासातच वर्तमानपत्र छापले जात होते. चैनीच्या रेल्वेसहलीचा हा आद्य नमुनाच म्हणावा लागेल. जॉर्ज नागेलमाकर्स नावाचा एक बेल्जियन तरुण याच सुमारास अमेरिकेत पुलमनचे डबे पाहून भारावून गेला. त्याने मायदेशी परतून कंपनी काढली आणि १८८३ साली तिची सुप्रसिद्ध ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ पॅरिसहून निघाली.

एवढ्यावर चरित्र संपते तर पुलमन हा केवळ उद्यमशीलतेचा आदर्श ठरला असता. परंतु या सुखाला दुसरी बाजू होती. डब्यात अंथरूण घालणारे, बूट चमकवणारे, हाकेसरशी धावणारे पोर्टर हे कृष्णवर्णीय होते आणि सुरुवातीचे अनेकजण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. त्यांना काम मिळाले, देश पाहायला मिळाला, हे खरे. पण पगार तुटपुंजा. पोट बक्षिसीवर चाले. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत. मालकाच्या नावाने गुलामाला हाक मारण्याची जुनी रीत नव्या डब्यात तशीच राहिली.

१८८० साली पुलमनने शिकागोच्या दक्षिणेस कामगारांसाठी आपल्या नावाचे गाव वसवण्यास आरंभ केला. विटांची नीटनेटकी घरे, बागा, ग्रंथालय, नाट्यगृह, बाजार, गुत्त्यांना बंदी. पाहुणे येऊन वाहवा करीत. मात्र घर विकत घेण्याची कामगाराला मुभा नव्हती. तो कायमचा भाडेकरू. १८९३ साली मंदी आली. कंपनीने मजुरीत सरासरी चतुर्थांश कपात केली. घरभाडे मात्र एका पैनेही कमी केले नाही. भागधारकांना लाभांश नेहमीप्रमाणे मिळत राहिला. गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या शिष्टमंडळातील तिघांना कामावरून काढण्यात आले आणि ११ मे १८९४ रोजी संप झाला. युजीन डेब्स यांच्या रेल्वे कामगार संघटनेने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला आणि निम्म्या देशाची वाहतूक थंडावली. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी फौज धाडली. सुमारे ३० माणसे प्राणास मुकली, डेब्स तुरुंगात गेले, संप मोडला. सरकारी चौकशी मंडळाने मात्र कंपनीच्या वर्तनावर ठपका ठेवला.

पुलमन जिंकला, परंतु लोकांच्या मनातून उतरला. १९ ऑक्टोबर १८९७ रोजी तो वारला. कामगार सूडाने प्रेताची विटंबना करतील या धास्तीने घरच्यांनी शिशाचे अस्तर लावलेली शवपेटी काँक्रीटमध्ये गाडली आणि वर पोलादी रूळ घातले. ज्याने लाखोंना सुखाची झोप दिली, त्याच्या चिरनिद्रेला असा पहारा बसवावा लागला!

न्यायाने सांगायचे तर, मृत्युपत्रात त्याने त्याच गावातील मुलांना हातकाम शिकवणाऱ्या शाळेसाठी १२ लाख डॉलर ठेवले होते. तो दुष्ट नव्हता. स्वच्छता, शिस्त, सौंदर्य यांची त्याला खरी ओढ होती. चुकले ते एवढेच, की सुख आपण द्यायचे आणि दुसऱ्याने ते मुकाट्याने घ्यायचे, असे तो धरून चालला. प्रवाशाला काय टोचते हे त्याने बारकाईने पाहिले. कामगाराला काय टोचते हे तो सांगायला आला तरी ऐकले नाही.

इतिहासाने ते काम पुढे नेले. १८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला गावातील घरांची मालकी सोडण्याचा आदेश दिला. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांनी संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ साली, कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. ज्यांना स्वतःचे नाव नव्हते, त्यांनी करारावर स्वतःच्या नावाने सह्या केल्या. पुलमनचे गाव आज अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि तिथे मालकाइतकीच कामगारांचीही कहाणी सांगितली जाते.

मित्रहो, राजवाड्यासारख्या गाडीतून प्रवास करण्याचा योग आपल्यापैकी किती जणांना येईल कोण जाणे. पण साध्या गाडीच्या वातानुकूलित डब्यातही रात्री कुणीतरी घडी केलेली चादर आपल्या हाती ठेवतो. ती घेताना त्याचे नाव विचारायला हरकत नाही. पुलमनच्या चरित्रातून एवढे घेतले, तरी पुष्कळ झाले.