चार्ल्स डिकन्स : डॉक्टर नाडी मोजत राहिले, तो मात्र थांबला नाही

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आणि ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ लिहिणारा चार्ल्स डिकन्स ५८ व्या वर्षी गेला. त्याचं कामावर प्रेम होतं, यात शंका नाही. पण शेवटच्या काही वर्षांत त्याच्या बाबतीत वेगळंच घडत होतं.

त्याची सुरुवात लहानपणी सापडते. १८२४ मध्ये कर्जापायी वडील तुरुंगात गेले आणि १२ वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवू लागला. पुढे तो इंग्लंडचा सर्वात लोकप्रिय लेखक झाला, तरी पैसा संपेल ही धास्ती मनातून गेली नाही. दहा मुलांचा संसारही मोठा होता.

तरीही त्याच्या लिखाणाला शिस्त होती. सकाळी नऊच्या सुमारास बसायचं, दुपारी दोनच्या सुमारास उठायचं आणि मग मैलोन् मैल चालायचं. काम संपण्याची वेळ ठरलेली होती.

१८५८ पासून तो पैसे घेऊन स्वतःच्या पुस्तकांचं जाहीर अभिवाचन करू लागला. सभागृहं भरायची, लोक हसायचे, रडायचे. लिहिताना माणूस एकटा असतो. इथे दाद लगेच मिळायची. १८६७-६८ च्या अमेरिका दौऱ्यात त्याने ७६ प्रयोग केले आणि सुमारे १९ हजार पौंड कमावले. त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. पण दौऱ्याच्या अखेरीस घशाखाली धड अन्न उतरत नव्हतं, पाय सुजला होता.

आता पैशाची निकड उरली नव्हती. तरी त्याने मायदेशी १०० प्रयोगांचा निरोपाचा दौरा आखला. १८६९ मध्ये त्यात ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग घातला. जवळच्या लोकांनी विरोध केला, कारण तो प्रसंग सादर केल्यावर त्याला काही वेळ बोलताही येत नसे. एप्रिलमध्ये प्रकृती ढासळली आणि डॉक्टरांनी सत्तरहून अधिक प्रयोगांनंतर दौरा थांबवला.

डिकन्सने मात्र आणखी १२ प्रयोगांची परवानगी मिळवली. १८७० च्या सुरुवातीला लंडनमध्ये ते झाले. डॉक्टर प्रत्येक वेळी हजर असत आणि नाडी मोजत. एरवी सत्तरीत असलेली नाडी शंभरच्या पुढे जाई. आकडे समोर असूनही नॅन्सीचा प्रसंग त्याने सोडला नाही. १५ मार्चला शेवटचा प्रयोग झाला.

८ जूनला त्याने स्वतःचा जुना नियमही मोडला. दुपारच्या जेवणानंतर तो पुन्हा लिहायला बसला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी निम्मीच राहिली. दुपारी दोनला उठणाऱ्या डिकन्सने १४ कादंबऱ्या पूर्ण केल्या होत्या. पंधरावीचं रहस्य मात्र वाचकांना कधीच कळलं नाही.