वाटाणे मोजणारे ग्रेगोर मेंडेल

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ नावाच्या खेड्यात झाला. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे राज्य होते. आता ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे पहिले नाव योहान होते. वडील शेतकरी होते आणि फळझाडांची कलमे बांधायचे.

योहान हुशार होता, पण घरी पैसा नव्हता. त्यात झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या वाट्यातले पैसे भावाच्या शिक्षणाला दिले. मला ही तेरेसिया फार आवडली. पुढे मेंडेल यांनीही तिच्या मुलांना शिकवले.

१८४३ साली ते ब्रनो शहरातल्या मठात गेले. तिथे त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. त्यांना मास्तर व्हायचे होते, पण १८५० मध्ये ते मास्तरच्या परीक्षेत नापास झाले! हे ऐकून आमच्या वर्गातली काही मुलं लगेच खूश झाली. मठाने त्यांना व्हिएन्नाला शिकायला पाठवले. १८५६ मध्ये ते पुन्हा परीक्षेला बसले, तेव्हाही जमलं नाही. तरी ते शाळेत बदली मास्तर म्हणून १८६८ पर्यंत शिकवत होते.

१८५६ पासूनच त्यांनी मठाच्या बागेत वाटाणे लावून प्रयोग केले. आपल्याकडे धान कापल्यावर लाखोळी पेरतात, तिचं फूल बघा. वाटाण्याचं फूल तसंच असतं. पाकळ्या मिटलेल्या असतात, त्यामुळे आतल्या आतच बी धरतं. मेंडेल कळी उघडून चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने लावायचे आणि वर पिशवी बांधायचे. म्हणजे कोणत्या झाडाचे आई-बाप कोण, ते पक्कं माहीत.

त्यांनी गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचं असं लग्न लावलं. सगळे दाणे गोलच निघाले. सुरकुती कुठे गेली? मग ते गोल दाणे त्यांनी पेरले. पुढच्या पिकात ७३२४ दाणे मिळाले. त्यातले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे सुरकुती गेली नव्हती, लपून बसली होती. बाईंनी आम्हांला फळ्यावर हिशोब करायला लावला. १८५० ची तिप्पट ५५५० होते, आणि ५४७४ त्याच्या जवळच आहे. तीनास एक! उंच-बुटक्या झाडांतही तसंच, हिरव्या-पिवळ्या दाण्यांतही तसंच. आठ वर्षांत त्यांनी सुमारे २८,००० झाडे तपासली.

मेंडेल यांनी याचा अर्थ असा लावला की प्रत्येक झाडात एका गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. या चिठ्ठीला आता जनुक म्हणतात. गोलाची एक चिठ्ठी असली तरी दाणा गोल दिसतो. दोन्ही सुरकुतीच्या आल्या तरच तो सुरकुततो.

१८६५ मध्ये त्यांनी हे ब्रनोच्या सभेत वाचून दाखवले, १८६६ मध्ये छापले. पण त्याचं महत्त्व कुणी ओळखलं नाही. नंतर ते मठाचे प्रमुख झाले आणि सरकारशी कराच्या भांडणात अडकले. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. १९०० साली तीन शास्त्रज्ञांना तोच नियम सापडला आणि मग सगळ्यांना मेंडेल आठवले. सोळा वर्षं उशीर!

आता आमच्या घरचं सांगतो. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेल आजार आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. माझ्या दादाला तो आहे. त्याचे हातपाय इतके दुखतात की तो रात्रभर रडतो. आजी म्हणायची की हे दुखणं सुनेच्या माहेरून आलं. आई काही बोलायची नाही. मग दवाखान्यात आई आणि बाबा दोघांचंही रक्त तपासलं. दोघंही वाहक निघाले. मीही वाहक आहे. वाहक म्हणजे गोल दिसणारा दाणा, आत एक चिठ्ठी लपलेली. मला काही त्रास नाही. दादाला दोन्ही चिठ्ठ्या तशाच आल्या, एक आईची, एक बाबांची. मी आजीला वाटाण्याचं चित्र काढून दाखवलं. ती बराच वेळ बघत बसली. तेव्हापासून ती माहेराचं नाव काढत नाही.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेलची मोठी मोहीम सुरू झाली. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांचं रक्त तपासतात. त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेने एका नव्या उपचाराला मान्यता दिली. रोग्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर काढतात, त्यांच्या जनुकात कापून बदल करतात आणि परत शरीरात सोडतात. मग बाळ पोटात असताना असतं तसलं रक्त पुन्हा बनू लागतं, त्यानं दुखणं थांबतं. पण अमेरिकेत त्याला वीस लाख डॉलरच्या वर खर्च येतो. दादा रोज गोळ्या घेतो आणि भरपूर पाणी पितो.

मेंडेल यांनी वाटाण्याचे सात गुण तपासले होते. सुरकुतीचे जनुक शास्त्रज्ञांना १९९० मध्ये सापडले, आणि उरलेल्या शेवटच्या तीन गुणांची जनुके २०२५ मध्ये. सुरकुतलेल्या दाण्यात साखरेचा स्टार्च कमी बनतो, म्हणून तो चवीला गोड असतो.

या भित्तिपत्रकाखाली दोन खोकी ठेवली आहेत. एकावर आई लिहिलं आहे, दुसऱ्यावर बाबा. प्रत्येकात एक कोरी आणि एक लाल ठिपक्याची चिठ्ठी आहे. दोन्हींतून न बघता एकेक उचला, पाटीवर रेघ मारा आणि चिठ्ठ्या परत टाका. आम्ही ६४ वेळा उचलल्या, त्यात १७ वेळा दोन्ही ठिपक्याच्या निघाल्या. आई-बाबा, तुम्हीही उचलून बघा.