जमीन, पाणी आणि आकाश

हिवाळा सुरू झाला, की आपल्याकडील मोठ्या तळ्यांवर आणि धरणांच्या जलाशयांवर दूरदेशीची रानबदके येऊन उतरतात. बेडूक पाण्यातही राहतो व जमिनीवरही राहतो. म्हणून त्याला उभयचर म्हणतात. रानबदकाची मजल त्याच्याही पुढची आहे. ते काठावर चालते, पाण्यावर तरंगते आणि मनात येईल तेव्हा आकाशात झेप घेते. मात्र या बदकांपैकी काही जाती पाण्यावरून उडतात तेव्हा त्यांची केवढी धांदल होते! पंख फडफडवीत आणि पायांनी पाणी मागे सारीत ती बरेच अंतर धावतात, तेव्हा कोठे त्यांचे अंग वर उचलते. पाणी जणू त्यांना सहजासहजी सोडायला तयार नसते.

जी गोष्ट पाखराला इतकी अवघड, ती यंत्राकडून करवून घेण्याचा ध्यास अमेरिकेतील एका सायकलवाल्याने घेतला. त्याचे नाव ग्लेन कर्टिस.

ग्लेनचा जन्म २१ मे १८७८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅमंडस्पोर्ट या लहानशा गावी झाला. गाव द्राक्षमळ्यांनी वेढलेले आणि क्यूका नावाच्या लांबट सरोवराच्या टोकाशी वसलेले. या सरोवराशी ग्लेनचे आयुष्य कायमचे जोडले गेले. वडील त्याच्या बालपणीच वारले. पुढे धाकट्या बहिणीला एका आजाराने बहिरेपण आले. बहिऱ्या मुलांची शाळा रॉचेस्टर शहरात होती, म्हणून आईने बिऱ्हाड तेथे हलविले. आठवी इयत्ता होताच ग्लेनने शाळा सोडली आणि तो पैसे मिळवू लागला. कॅमेरे व फिल्म बनविणाऱ्या कारखान्यात तो कामाला लागला, तेथे कागदावर अंक उमटविण्याचे काम झटपट व्हावे म्हणून त्याने एक साधन तयार केले, आणि ते कारखान्याने वापरातही आणले. नंतर तो सायकलवरून घरोघर तारा पोहोचवू लागला. या नोकरीत पगार थोडा होता. पण वेगाची गोडी त्याला तेथेच लागली.

हॅमंडस्पोर्टला परतल्यावर त्याने सायकलींचे दुकान थाटले. शर्यतींत तो पहिला येई, परंतु पायांच्या बळाला मर्यादा असते. तेव्हा त्याने सायकलला इंजिन बसविले. त्या पहिल्या इंजिनाचा कार्ब्युरेटर त्याने टोमॅटोच्या सारच्या रिकाम्या डब्यापासून बनविला होता, असे सांगतात. हळूहळू त्याची इंजिने इतकी हलकी व जोरकस होऊ लागली, की दुरून दुरून त्यांना मागणी येऊ लागली. जानेवारी १९०७ मध्ये फ्लॉरिडातील समुद्रकिनाऱ्यावर त्याने आठ सिलिंडरांची मोटरसायकल ताशी सुमारे २१९ किलोमीटर वेगाने पळविली. त्या काळी इतक्या वेगाने धावलेला माणूस साऱ्या जगात दुसरा नव्हता.

हलके आणि जोरकस इंजिन विमानाला हवेच असते. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे त्या वेळी उड्डाणाचे प्रयोग करीत होते. बहिऱ्या मुलांना शिकविणे हेही त्यांच्या आयुष्याचे एक मोठे कार्य होते. १९०७ च्या ऑक्टोबरात बेल, कर्टिस आणि आणखी तीन तरुण अशा पाच जणांनी मिळून विमाने बांधण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या ‘जून बग’ या विमानातून ४ जुलै १९०८ रोजी हॅमंडस्पोर्टच्या माळावर कर्टिसने जमलेल्या लोकांदेखत सुमारे दीड किलोमीटर उड्डाण केले आणि बक्षीस जिंकले. जून बग हे एका भुंगेऱ्याचे नाव आहे.

राइट बंधूंनी १९०३ सालीच विमान उडविले होते, हे येथे विसरता कामा नये. परंतु त्यांचे विमान काय किंवा जून बग काय, त्यांना उतरायला जमीनच लागे. विमानतळ तर तेव्हा जवळजवळ नव्हतेच. कोठे शेत, कोठे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान शोधावे लागे. हॅमंडस्पोर्टभोवती टेकड्या आणि मळे; सपाट जागा अशी थोडीच. पण समोर क्यूका सरोवर मैलोगणती पसरलेले होते. त्यावर ना झाड, ना कुंपण, ना खड्डा! या पाण्यावरूनच उडता आले तर?

त्याच वर्षी नोव्हेंबरात जून बगची चाके काढून तिच्याखाली दोन लांबट पोकळ पेट्या बसविण्यात आल्या आणि एका पाणपक्ष्यावरून तिचे नवे नाव ‘लून’ असे ठेवण्यात आले. लून सरोवरावर छान तरंगली, वेगाने धावलीही. पण पाण्यावरून तसूभरही वर उठली नाही. एका खेपेस पेटीत पाणी शिरले आणि ती बुडाली. विमान हवेत उचलले जाण्यासाठी त्याला ठराविक वेग यावा लागतो. जमिनीवर चाके गरगर फिरतात, त्यामुळे तो वेग येतो. पाण्यात मात्र वेग वाढला, की पाण्याचा विरोधही वाढतो आणि इंजिनाची बरीचशी शक्ती पाणी कापण्यातच खर्ची पडते. त्यांचे इंजिन त्या मानाने दुबळे होते. कर्टिसने प्रयोग थांबविला. विचार मात्र थांबला नाही.

पुढील दोन वर्षांत त्याचे नाव जगभर झाले. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील ऱ्हेम्स येथील शर्यतीत त्याने ब्लेरिओ या नामवंत फ्रेंच वैमानिकाला सहा सेकंदांहूनही कमी अंतराने हरविले. २९ मे १९१० रोजी त्याने ऑल्बनी ते न्यूयॉर्क हे सुमारे २४० किलोमीटरचे अंतर हडसन नदीवरून उडत काटले. त्या दिवशी त्याने विमानाखाली तरंगती साधने बांधून घेतली होती. कारण मार्ग नदीचा होता आणि इंजिनाचा भरवसा नव्हता. डोंगरांच्या खिंडीत वाऱ्याने विमानाला जोराचे हिसके दिले, तरी त्या साधनांची गरज पडली नाही.

त्याआधी दोन महिने, २८ मार्च १९१० रोजी, फ्रान्समध्ये आंरी फाब्र या तरुणाने मार्सेय शहराजवळील खाजणावरून विमान पाण्यातून वर उचलले होते. म्हणजे पाण्यावरून पहिले उड्डाण करण्याचा मान फाब्रचा. परंतु त्याचे यंत्र फार नाजूक होते आणि त्याने पुढे हा नाद सोडला.

कर्टिसच्या मागे आता आणखी एक निकड लागली होती. अमेरिकेच्या आरमाराला विमानांचे कुतूहल वाटू लागले होते. परंतु युद्धनौकेला विमानाचा उपयोग कसा व्हावा? नोव्हेंबर १९१० मध्ये युजीन ईली या कर्टिसच्या वैमानिकाने एका युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी फळ्यांवरून उड्डाण केले. जानेवारी १९११ मध्ये तो ‘पेनसिल्व्हेनिया’ या नौकेवर उतरलाही. विमान थांबावे म्हणून फळ्यांवर दोर आडवे ताणून त्यांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. आणि समुद्रात पडलोच तर बुडू नये म्हणून ईलीने सायकलच्या नळ्या अंगाला गुंडाळल्या होत्या! धाडस मोठे खरे. पण नौकेवर असा माचा बांधला, की तेथील तोफा अडून पडतात. माच्यावाचून, पाण्यावरून नौकेवर चढविता येईल असे विमान आरमाराच्या मंत्र्यांना हवे होते.

कर्टिस त्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे होता. तेथील खाडीत तो आणि त्याचे सोबती रोज पाण्यात उभे राहून पेट्या बसवीत, काढीत, पुन्हा बसवीत. २६ जानेवारी १९११ रोजी पाण्याचे फवारे उडवीत त्याचे विमान खाडीवरून धावत निघाले आणि अलगद वर उठले. पुढे त्याने अनेक पेट्यांऐवजी विमानाच्या मधोमध एकच लांब, सपाट तळाची पेटी बसविली. १७ फेब्रुवारीला तो हे विमान घेऊन पेनसिल्व्हेनिया नौकेशेजारी पाण्यावर उतरला. नौकेच्या यारीने विमान वर उचलून घेतले, पुन्हा पाण्यात सोडले आणि कर्टिस आल्या वाटेने उडून गेला. तोफांना कसलाही अडथळा झाला नाही.

एवढ्यावर त्याचे समाधान होईना. काठ दिसत असताना काठावर का जाता येऊ नये? त्याने पेटीच्या जोडीला चाकेही बसविली. पाण्यावर उतरताना ती वर उचलून घेता येत आणि जमिनीवर उतरताना खाली सोडता येत. फेब्रुवारी संपण्यापूर्वीच हे विमान पाण्यावरून उडून वाळूवर उतरले आणि वाळूवरून उडून पाण्यावर परत आले. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी चालणारे म्हणून त्याचे नाव ‘ट्रायड’, म्हणजे त्रिकूट, असे ठेवले. अमेरिकेच्या आरमाराने विकत घेतलेले पहिले विमान ट्रायडच होते. १ जुलै १९११ रोजी ते प्रथम उडाले, तेही क्यूका सरोवरावरून. ज्या पाण्याने लूनला वर जाऊ दिले नव्हते, तेच हे पाणी!

आता कर्टिसने पेटीचाही नाद सोडला. विमानाचे धडच नावेसारखे करावे, म्हणजे खवळलेल्या पाण्यातही वैमानिक सुरक्षित राहील, असे त्याला वाटले. ही उडती नौका १९१२ च्या आरंभी तयार झाली. पण जुनेच दुखणे पुन्हा उद्भवले. नौका सुसाट धावे आणि पाण्याला चिकटून राही.

या दुखण्याचे मूळ तुम्हांला घरीही पाहता येईल. हौदातील पाण्यावर एक सपाट फळी ठेवा आणि ती सरळ वर उचलू लागा. पाणी फळीला धरून ठेवीत आहे, असे हाताला जाणवेल. तीच फळी एका कडेने उचला. खाली हवा शिरते आणि फळी चटकन सुटते. धावत्या नौकेच्या तळाशी पाणी कसे वागते, हे कर्टिसने बारकाईने न्याहाळले. तळाच्या मागच्या भागाला पाणी घट्ट बिलगून राही. मग त्याने तळ एकसलग न ठेवता मध्यावर एक लहानशी पायरी केली. पुढचा भाग खाली, मागचा भाग किंचित वर. वेग आला, की पाणी या पायरीच्या कडेपाशी तुटे, मागे हवा शिरे आणि पाण्याची पकड सुटे. १९१२ च्या उन्हाळ्यात पायरीची ही नौका सहज उडू लागली. माझ्या मते कर्टिसच्या साऱ्या पराक्रमांत हा सर्वांत मोठा. शर्यतीतला वेग वर्षभरात कोणी तरी मागे टाकतो. पण ही पायरी कोणालाही टाळता आली नाही.

या काळात त्याच्या डोक्यावर खटल्यांचे ओझेही होते. विमानाचा तोल सांभाळण्याची आपली युक्ती कर्टिसने परवानगीवाचून वापरली, असे राइट बंधूंचे म्हणणे होते. १९०९ मध्ये त्यांनी दावा लावला आणि १९१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल राइट यांच्या बाजूने दिला. त्याच वर्षी कर्टिसच्या हातून एक न शोभणारी गोष्टही घडली. लँग्ली या शास्त्रज्ञाचे १९०३ मध्ये कोसळलेले विमान त्याने पुष्कळ फेरफार करून, खाली तरंगत्या पेट्या बसवून, क्यूका सरोवरावरून थोडे उडविले. आणि ते मूळ रूपातही उडू शकले असते, असा समज पसरविण्यात आला. राइट बंधूंचा मान त्यामुळे डावलला गेला. ऑर्व्हिल राइट यांनी या रागापोटी आपले पहिले विमान पुढे लंडनला पाठवून दिले. ते १९४८ साली अमेरिकेत परत आले.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि कर्टिसचे लहान दुकान प्रचंड कारखाना बनले. त्याच्या ‘जेनी’ नावाच्या विमानावर हजारो तरुण उडावयास शिकले. अटलांटिक महासागर ओलांडण्यासाठी बांधलेली त्याची ‘अमेरिका’ ही उडती नौका युद्धामुळे ब्रिटिशांच्या आरमाराकडे गेली आणि महासागराचे स्वप्न लांबणीवर पडले. ते १९१९ साली पुरे झाले. कर्टिस आणि आरमार यांनी मिळून बांधलेल्या तीन उडत्या नौका १६ मे रोजी न्यूफाउंडलंडहून निघाल्या. धुक्यात सापडून दोघींना भर समुद्रात उतरावे लागले. त्यांपैकी एक पुढे बुडाली, तिच्यावरील माणसांना एका जहाजाने वाचविले. दुसरी लाटांशी झुंजत सुमारे तीनशे किलोमीटर तरंगत अझोर्स बेटांच्या बंदराला लागली. जमिनीवरचे विमान असते, तर त्या माणसांची काय गत झाली असती! तिसरी, एन. सी. ४, बेटांवर थांबत २७ मे रोजी लिस्बनला पोहोचली. विमानाने अटलांटिक प्रथमच ओलांडला होता.

त्यानंतर कर्टिस विमानांच्या धंद्यातून बराचसा बाजूला झाला आणि फ्लॉरिडात नवी गावे वसवू लागला. १९२९ साली त्याची कंपनी आणि राइट यांच्या नावाची कंपनी एक झाल्या. न्यायालयात भांडलेली दोन नावे एकाच पाटीवर शेजारी शेजारी आली. जुन्या भागीदाराशी चाललेल्या एका दाव्याच्या कामात असताना त्याला आंत्रपुच्छाचा विकार झाला. शस्त्रक्रियेनंतर, २३ जुलै १९३० रोजी, बफलो येथे तो मरण पावला. तेव्हा त्याचे वय ५२ वर्षांचे होते. त्याला हॅमंडस्पोर्टलाच पुरले.

विमानतळ वाढले, तशा प्रवासी उडत्या नौका मागे पडल्या. पण कॅनडात आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत उन्हाळ्यात रानांना वणवे लागतात, तेव्हा उभयचर विमाने जमिनीवरून उडतात, सरोवराला पोट घासत काही सेकंदांत हजारो लिटर पाणी भरून घेतात आणि ते आगीवर नेऊन ओततात. त्यांच्या तळाला कर्टिसची ती पायरी आजही असते.