सुराचा कारागीर

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही संगीतसभा भरते. किराणा घराण्याचे गायक तेथे आवर्जून हजेरी लावतात, कारण याच दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. अत्यंत सुरेल गवई म्हणून खाँसाहेबांची कीर्ती सर्वदूर आहे. मात्र तो सूर नेमका लागावा म्हणून वाद्यावर स्वतः हात चालवणारा कारागीर त्यांच्यात होता, हे फारसे सांगितले जात नाही.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तरेतील कैराना गावी झाला. गाण्याबरोबर सारंगी, बीन आणि सतार त्यांनी लहानपणीच हाताळली. तरुणपणी ते बडोदे दरबारी आले. ताराबाई माने यांच्याशी विवाह झाला आणि दरबार सुटला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही या दांपत्याचीच अपत्ये. पुढे खाँसाहेब मिरजेत स्थिरावले.

मिरज हे वाद्यांचे गाव. तलवारी आणि भाले पाजळणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरल्यावर सतार-तंबोऱ्याचे काम हाती घेतले. फरीदसाहेबांनी या कलेचा पाया घातला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येत. पण तंबोऱ्याचा प्राण असतो त्याच्या जवारीत. जे स्थान सनईत पत्तीला, तेच तंबोऱ्यात जवारीला. घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित बाकदार घासायचा, त्यावर तार अलगद टेकवायची आणि तारेखाली बारीक दोरा सरकवून नाद मोकळा करायचा. दोरा केसभर हलला की आवाज बोदा तरी होतो किंवा कर्कश तरी. तारांनी घोडीवर चरे पडले की पुन्हा घासणे आले. या बाकदार घोडीमुळे, एरवी तारेतून उमटू नयेत असे उपस्वरही तंबोऱ्यात उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. खाँसाहेबांना ते कानाने उमगले होते. वाद्यदुरुस्तीची हत्यारे ते जवळ बाळगीत आणि तंबोरा स्वतः जुळवीत.

या कानाची कसोटी सांगलीत लागली. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुती मोजण्याचा ध्यास घेतला होता. खाँसाहेबांनी गावे आणि देवलांनी त्या स्वराची कंपने तारेवर मोजावीत, असे प्रयोग झाले. त्यावरचे देवलांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साहाय्याने मग विलायतेत श्रुतींची हार्मोनियम तयार करवून घेण्यात आली.

हार्मोनियमचा स्वर पितळी पत्तीतून निघतो. पत्तीचे टोक घासले की स्वर चढतो, बूड घासले की उतरतो. मात्र एकदा घासलेली पत्ती तोच एक स्वर बोलत राहते. गवयाचा कोमल गंधार रागागणिक हलतो, त्याचे काय? १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ही पेटी वादाचा विषय ठरली आणि गवयांनी ती स्वीकारली नाही. श्रुतींची हार्मोनियम मागे पडली, खाँसाहेबांचा सूर मात्र शिष्यांच्या गळ्यांतून पुढे गेला.

त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व आणि रोशन आरा बेगम हे त्यांच्याच तालमीतले. म्हैसूर दरबारी जाता-येता कर्नाटक संगीताचा सरगम त्यांनी आपलासा केला. अखेरही दक्षिणेतच आली. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडल्याने ते सिंगापेरुमाळकोइल स्थानकावर उतरले आणि २७ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. पार्थिव मिरजेला आणण्यात आले.

आज मिरज ही सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा भाग आहे. कुपवाडची ओळख कारखान्यांची, मिरजेची अजूनही तंबोऱ्याची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी लावण्यासाठी मात्र तेथे अद्यापही कान आणि कानस यांवाचून तिसरे साधन नाही.