वॉल्टर कॉफमन
वॉल्टर कॉफमन (१ एप्रिल, १९०७:कार्ल्सबाड, ऑस्ट्रिया-हंगेरी - ९ सप्टेंबर, १९८४:ब्लूमिंग्टन, इंडियाना, अमेरिका) हे संगीतकार, वाद्यवृंदसंचालक व संगीतशास्त्रज्ञ होते. आकाशवाणीची संकेतधून त्यांची मानली जाते. त्या धूनमागे त्यांचे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो यांसाठीच्या रचना, दीर्घकाळ झाकोळून गेले.

बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे शिक्षण घेतले. पुढे प्राग येथे प्रबंध पूर्ण झाल्यावरही मार्गदर्शक नाझी असल्याने त्यांनी डॉक्टरेट नाकारली. जन्माने ज्यू असलेले कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आले. त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली; व्हायोलिनवादक मेहली मेहता त्यांचे सहवादक होते. १९३७ ते १९४६ या काळात ते मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते.

भारतीय संगीत प्रथम ऐकताना त्यांना परके, किंबहुना अनाकलनीय वाटले. मात्र असंख्य लोकांना प्रिय असलेले संगीत आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपलीच, असे मानून ते अभ्यासाला लागले. अडचण खरी होती. रागाचा विस्तार एकाच स्वररेषेत होतो, तर क्वार्टेट चार स्वतंत्र स्वररेषांवर उभा राहतो. स्वरमेळांचा भार पडताच रागाचे रूप हरवते. कॉफमन यांनी रागसदृश स्वरावली आधुनिक युरोपीय शैलीत गुंफली; निव्वळ सजावटीपुरती ती वापरली नाही.

१९५७ पासून ते इंडियाना विद्यापीठात अध्यापक होते. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या ७ व ११ क्रमांकांच्या क्वार्टेटचे ध्वनिमुद्रण टोरांटोच्या एआरसी आँसाम्बल या वादकसमूहाने २०२० मध्ये प्रकाशित केले.