हेलिकॉप्टरचे जनक आणि मुंबईचा समुद्र

हेलिकॉप्टर म्हटलं की आपल्याला सिनेमातली हीरोची एन्ट्री आठवते. पण ते यशस्वी करून दाखवणाऱ्या इगॉर सिकोर्स्की यांची गोष्ट आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही.

त्यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह येथे झाला. १९०९ मध्ये त्यांनी पहिलं हेलिकॉप्टर बनवलं, पण ते काही उडालं नाही. मग ते विमानांकडे वळले. एकदा हवेतच इंजिन बंद पडलं आणि ते कसेबसे वाचले. कारण काय, तर कार्ब्युरेटरमध्ये अडकलेला एक डास! माणसाचा जीव एकाच इंजिनवर सोडायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. १९१३ मध्ये त्यांचं चार इंजिनांचं विमान उडालं.

रशियन क्रांतीनंतर देश सुटला. १९१९ मध्ये ते अमेरिकेत पोचले. शिकवण्या करून पोट भरलं आणि १९२३ मध्ये चक्क कोंबड्यांच्या फार्मवर कंपनी काढली. १९३९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांचं हेलिकॉप्टर अखेर जमिनीवरून उचललं गेलं. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी वादळात अडकलेल्या तेलाच्या बार्जवरून दोन माणसांना त्यांच्या हेलिकॉप्टरने दोराने वर ओढून वाचवलं. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांचं निधन झालं.

दोनच वर्षांनी मुंबई हायला तेल सापडलं. आज तिथल्या रिगवर माणसं हेलिकॉप्टरनेच ये-जा करतात. २८ जून २०२२ रोजी सागर किरण रिगजवळ सिकोर्स्की एस-७६डी हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. नऊपैकी चौघांचा मृत्यू झाला.

इंजिन, गिअरबॉक्स, रोटर असं सगळं वजन वर असतं. त्यामुळे पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर बऱ्याचदा उलटं होतं. आत पाणी शिरतं, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही, दम पुरत नाही. आपटून वाचलेला माणूसही मग बुडू शकतो. म्हणून रिगवर जाणाऱ्यांना स्विमिंग पूलमध्ये खोट्या केबिनमध्ये बसवून उलटं करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा, केबिन थांबेपर्यंत थांबायचं, मगच पट्टा सोडायचा. घाईत पट्टा आधी सोडला, तर माणूस आतच तरंगत दिशा हरवतो.

हे पुस्तक वाचून येत नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो हाताने करून शिकण्यासाठीच. सिकोर्स्कीही तसेच शिकले.

उद्या आपण मशीन डिझाइन करू, तेव्हा एवढंच लक्षात ठेवू या, की ते बंद पडल्यावर आतल्या माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे.