भिंतीवरचं गणित

लेकीनं भिंतीवर गणितं खरडली, तेव्हा मी फडकं घेऊन धावलेच. मग सोफिया कोवालेव्हस्काया आठवली. रशियात तिच्या लहानपणी वॉलपेपर कमी पडला म्हणून खोलीला गणिताच्या व्याख्यानांचे कागद डकवले होते. ती तासन्‌तास ते बघत बसे.

लग्नामुळे माझं एम.एस्सी. सुटलं, हिनं मात्र परदेशी शिकता यावं म्हणून १८६८ मध्ये चक्क नावापुरतं लग्न केलं! बर्लिन विद्यापीठात बायकांना प्रवेश नव्हता. वायरस्ट्रास सरांनी तिला चार वर्षं खासगीत शिकवलं. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठानं डॉक्टरेट दिली. तरी विद्यापीठात शिकवायला मिळेपर्यंत १८८४ उजाडलं, तेही स्टॉकहोमला. १८९१ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी ती गेली.

फडकं मी गुपचूप ठेवून दिलं.